बाळी फेकू नका

(सामुदायिक रेडिओवरच्या बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्यापैकी किती जणी द्राक्षबागेत बाळी काढायला रोजंदारीवर गेल्या आहेत? रेडिओवरून मला तुमचे वर झालेले हात दिसत नाहीत. पण आपल्या निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात बरेच हात वर झाले असतील, हे मला न बघता कळतंय. ऑक्टोबरची छाटणी होते, काडीला नवी फूट येते, आणि मग आपण बागेत जातो. बगलफूट काढतो. पानाच्या समोरून निघालेली ती हिरवी, दोन फाट्यांची, टोकाला वळलेली बाळी चिमटीत धरून खुडतो आणि पायाखाली टाकतो. संध्याकाळी रोज घेऊन घरी येतो.

बाळी का काढायची, हेही तुम्हाला माहीत आहे. ती वेलाचं अन्न खाते, तारेला गुंतते, मग काडी बांधताना आणि छाटताना त्रास देते. आणि बागायतदाराला तिची भीती वेगळीच असते. घड आणि बाळी वेलाच्या एकाच जागेतून निघतात. वेलात ताकद कमी पडली, हवा बिघडली की घड जिरतो आणि त्याच्या जागी बाळी येते. म्हणून बागेत बाळीला कुणी चांगलं म्हणत नाही.

आज मी त्या बाळीची दुसरी बाजू सांगणार आहे. आमच्या गटानं गेल्या दोन वर्षांत वेल आणि वेलांच्या बाळ्या वापरून सजावटीचं काम सुरू केलं. डोहाळजेवणाचा झोपाळा, बारशाचा पाळणा, साखरपुड्याची चौकट, दारावरची कमान. हे काम आम्हाला पहिल्याच दिवशी जमलं असं नाही. पहिल्या दिवशी तर आमची चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

ज्या मैत्रिणींच्या गावात द्राक्ष नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. बाळी फक्त द्राक्षाला नसते. कारलं, दोडका, दुधी, काकडी, तोंडली, वाटाणा, कृष्णकमळ या सगळ्यांना ती असते. पुस्तकात तिला प्रतान म्हणतात, कुठे ताणा म्हणतात. मी बाळीच म्हणणार आहे. कानातल्या बाळीसारखी दिसते, लक्षात राहायला सोपी.

तर, आमची पहिली ऑर्डर डोहाळजेवणाची होती. नवरात्रातले दिवस, ऑक्टोबरचं ऊन. अडीच हजार रुपये ठरले होते. त्याआधी आम्ही गटातून तीन हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं होतं, तार, कापड, कात्र्या आणि टोपल्यांसाठी. मी मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले होते, आणि मला वाटलं, यात काय एवढं? वेल कापायचा आणि झोपाळ्याला गुंडाळायचा. आम्ही सगळ्या घरचं आवरून अकरा वाजता निघालो. परसबागेतले दोडक्याचे आणि भोपळ्याचे लांब लांब वेल कापले. कोवळे शेंडे मुद्दाम घेतले, कारण बाळ्या तिथेच छान दिसत होत्या. सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, पिशव्यांची तोंडं बांधली आणि रिक्षानं निघालो.

दोन वाजता झोपाळा बांधून झाला तेव्हा खरंच सुंदर दिसत होता. कार्यक्रम चारला. साडेतीनला पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. शेंडे काळवंडले. बाळ्या तर सुतासारख्या झाल्या. घरातल्या आजी बाहेर आल्या, झोपाळ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, ओटी भरायच्या वेळी पोरीला या वाळल्या वेलाखाली बसवायची का?"

मैत्रिणींनो, त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डोहाळजेवणाला हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, सगळं हिरवं का असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलीचा चेहरा उतरला होता. आम्ही धावतपळत सगळा वेल उतरवला, आंब्याचे डहाळे आणले, उरलेली झेंडू-शेवंती बांधली आणि वेळ निभावून नेली. पैसे घ्यायचं तोंड नव्हतं. फुलांचे तेवढे घेतले, बाकीचे परत केले.

पुढच्या बैठकीत वाद झाला. एक जण म्हणाली, बंद करा हे, पापड-मसालेच बरे. दुसरी म्हणाली, कर्जाचा हप्ता कोण भरणार? आणि खरं सांगायचं तर सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या, कारण कल्पना माझी होती. गटातल्या दोघींना शेत नाही. बागेतलं काम संपलं की त्यांच्या हाताला काम नसतं. हे काम त्यांच्यासाठीच मी पुढे रेटलं होतं. त्यांचा हिस्साच बुडाला होता.

तेव्हा आमच्या गटातल्या मावशी बोलल्या. वीस वर्षं बागेत कामाला जातात. बैठकीत एरवी अंगठ्याऐवजी सही करतात एवढाच त्यांचा आवाज. त्या म्हणाल्या, "ताई, बागायतदार कलमाची काडी कधी कापतो? सकाळच्या गारव्यात. आणि कशात ठेवतो? ओल्या गोणपाटात. तुम्ही भर उन्हात कापली आणि प्लास्टिकमध्ये शिजवली."

मी बीए झालेली, गटाची समन्वयक, आणि हे उत्तर माझ्या शेजारी रोज बसत होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही मावशींच्या हाताखाली शिकलो. जे शिकलो ते आता क्रमानं सांगते. वही-पेन असेल तर जवळ घ्या.

पहिली गोष्ट, वेल समजून घ्या. सगळे वेल सारखे चढत नाहीत. काही वेल स्वतःच आधाराला पीळ घालत चढतात. गोकर्ण, गारवेल, गुळवेल, मायाळू, जाई हे त्यातले. यांना बाळी नसते, यांचं अंगच वळतं. काही वेल मुळ्या चिकटवून चढतात. विड्याच्या पानाचा वेल, मनी प्लांट हे त्या जातीचे. आणि तिसरे आपले बाळीवाले.

उद्या सकाळी कारल्याच्या मांडवाखाली जा आणि बाळी नीट बघा. नवी बाळी सरळ असते, हवेत हळूहळू फिरत आधार शोधते. काडीला किंवा सुतळीला टेकली की त्या बाजूला वळते आणि विळखा घालते. मग मधला भाग स्प्रिंगसारखा गोळा होतो आणि वेलाला आधाराकडे ओढतो. आता बारकाईनं बघा. ती स्प्रिंग अर्धी एका बाजूला वळलेली असते आणि अर्धी उलट्या बाजूला, मध्ये एक छोटा सरळ तुकडा. असं का? दोरीची दोन्ही टोकं बांधलेली असतील आणि मधूनच पीळ द्यायचा असेल, तर एका बाजूला जेवढा उजवा पीळ पडतो तेवढाच दुसऱ्या बाजूला डावा पडतो. खाटेची सुंभाची दोरी आवळताना आपण हे पाहिलेलं आहे. इंग्लंडमधल्या डार्विन नावाच्या शास्त्रज्ञानं यावर १८६५ मध्ये मोठा लेख लिहिला होता. वादळी वारा सुटला की तो मुद्दाम बाहेर जाऊन कुंपणावरचा वेल बघत असे. वारा आला की या स्प्रिंगा ताणतात, वारा गेला की परत आखडतात, म्हणून वेल तुटत नाही, हे त्यानं पाहून लिहिलं.

आपल्याला याचा उपयोग काय? दोन गोष्टी. एक, कोवळी सरळ बाळी कापल्यावर सुकणारच, ती सजावटीला घेऊ नका. जिनं आधार धरलाय, स्प्रिंग झालीय, जरा निबर झालीय, ती टिकते. आणि वाळून लाकडासारखी झालेली बाळी तर महिनोन् महिने तशीच वळलेली राहते. दोन, वेलाला जो आधार द्याल तसा आकार तो स्वतःच घेतो. हे पुढे सांगते.

दुसरी गोष्ट, कापणी. वेल पहाटे किंवा ऊन उतरल्यावर कापा. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी कापतो. धारदार कात्री किंवा विळा घ्या, बोथट हत्यारानं देठ चेपतो आणि पाणी चढत नाही. तिरका काप द्या. शेंड्याचा वीतभर कोवळा भाग काढून टाका, तो पहिला मान टाकतो. खालच्या हातभर लांबीची पानं काढा, कारण पाण्यात बुडालेली पानं कुजतात. सोबत पाण्याची बादली शेतातच न्या. कापला की लगेच पाण्यात. घरी आल्यावर देठाचं टोक पाण्याखाली धरून बोटभर पुन्हा कापा. कापलेल्या टोकातून वेल आधी हवा ओढून घेतो आणि ती हवा पाण्याची वाट अडवते. पाण्याखाली कापलं की वाट मोकळी होते. मग रात्रभर सावलीत, गार जागी, खोल पाण्यात उभा ठेवा.

सकाळी बघा. जो वेल ताठ आहे तो घ्या. ज्यानं रात्रीतच मान टाकली तो शेळीला घाला. कार्यक्रमाच्या घरी जाऊन मान टाकण्यापेक्षा आपल्या ओसरीवर टाकलेली बरी. नेताना ओल्या गोणपाटात किंवा केळीच्या पानात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी बांधून उन्हात ठेवू नका.

भोपळ्याची मोठी पानं सगळ्यात आधी सुकतात. त्यामुळे आम्ही भोपळा आता घेतच नाही. तोंडली आणि कृष्णकमळ बरे टिकतात. गुळवेल तर पाण्याशिवायही दिवसभर तजेलदार राहतो, त्याचं खोडच ओलावा धरून असतं. पण गुळवेल औषधी आहे, मुळासकट उपटू नका. घराजवळ लावलेला असेल त्याचीच फांदी घ्या.

तिसरी गोष्ट, पाया. शहरातले सजावटवाले हिरवा स्पंज वापरतात, पाण्यात भिजवून फुलं खोचायला. तो प्लास्टिकच्याच जातीचा, मातीत कुजत नाही, आणि दर वेळी विकत आणावा लागतो. आपल्याकडे केळीचा खुंट आहे. घड काढल्यावर केळ तोडतोच. त्या खुंटाचे वीतभर तुकडे करा. आत पाणी भरलेलं असतं. खिळ्यानं भोक पाडून त्यात वेलाचं देठ खोचा. एक दिवस आरामात निघतो. नंतर तुकडा खतात जातो. केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग निघत नाही, तेवढं मात्र सांभाळा. खाली पोत्याचा तुकडा घाला.

जिथे केळीचा तुकडा दिसायला नको तिथे छोट्या बाटलीला भोक पाडून त्यात पाणी आणि देठ घाला, आणि बाटली पानामागे लपवा. बाटली खोकल्याच्या औषधाची किंवा सरबताची चालेल. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी कुठल्याच कामाला घ्यायची नाही. ती घरात आणायचीच नाही.

चौथी गोष्ट, आणि हीच आमच्या कामाचा कणा झाली. द्राक्षाची काडी. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. दोन्ही वेळा बांधावर काड्यांचे ढीग लागतात. कुणी जाळतं, कुणी कुट्टी करून खतात घालतं. त्या काड्यांवर वाळलेल्या, लाकडासारख्या झालेल्या बाळ्या तशाच असतात. तारेवरही विळखे अडकलेले राहतात.

मालकाला विचारा आणि काड्या घ्या. विचारल्याशिवाय घेऊ नका, ढीग टाकून दिलेला असला तरी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, लांब, सरळ काड्या निवडा. छाटल्याच्या दोन-तीन दिवसांत वळवल्या तर सहज वळतात. वाळल्या असतील तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. आणि त्याआधी हातमोजे घालून दोन पाण्यांनी धुवा. बागेवर फवारे किती होतात हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? निळसर डाग दिसले तर ते बोर्डोचे असतात, घासून काढा. कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर तो मिलीबग. ती काडी बाजूला काढा, दुसऱ्याच्या बागेत न्यायची नाही. धुतल्यावर उन्हात ठेवा.

आता कडं करायचं. कसं करायचं हे मी रेडिओवर कसं दाखवू, असा मला प्रश्न होता. मावशी म्हणाल्या, "चुंबळ कशी वळतात ते सांग, सगळ्यांना येतं." तर चुंबळीसारखंच. दोन काड्या एकत्र धरून हवं तेवढं गोल करा, टोक आत खोचा. मग एकेक काडी त्या गोलाभोवती पीळ देत फिरवा, प्रत्येकीचं टोक आधीच्या पिळात अडकवा. पाच-सहा काड्यांत घट्ट कडं होतं. तार नको, गाठ नको. बाळ्या आत दाबू नका, बाहेरच्या बाजूला मोकळ्या राहू द्या. सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. वाळलं की दगडासारखं पक्कं बसतं. असं कडं नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं वापरता येतं. दारावर लावा, त्यात समई ठेवा, भिंतीवर फुलं घालून टांगा. गोल जमला की लांबट कमान जमते, पाळण्याची कड जमते.

हिरव्या बाळ्या मात्र बागेतून आणू नका. त्या दिवसांत बागेवर औषध चालू असतं, आणि आपली सजावट बाळंतिणीच्या, लहान लेकरांच्या जवळ असते. हिरवं आपल्या परसबागेतलं, वाळलेलं बागेतलं, हा आमचा नियम आहे.

पाचवी गोष्ट, बांधणी. आधी काड्यांचा सांगाडा. त्यावर पानांचा वेल. मग फुलं. बाळ्या सगळ्यात शेवटी. वेल बांधताना त्याची वाढायची दिशा बघा. शेंडा खाली सोडला की तो आपोआप छान लोंबतो, उलटा बांधला तर ओढून बांधल्यासारखा दिसतो. सगळी जागा भरू नका. आम्ही सुरुवातीला पैसे घेतलेत म्हणून भरपूर घालायचो. आता कळलं, बाळी मोकळ्या जागेतच दिसते. कडेला, भिंतीच्या किंवा साडीच्या पडद्याच्या पुढे तीन-चार बाळ्या बाहेर काढल्या की बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. पन्नास बाळ्या एकत्र कोंबल्या तर गवताचा भारा वाटतो.

बाळी हवी तशी वळवायची असेल तर निबर हिरवी बाळी विणकामाच्या सुईला हलक्या हातानं गुंडाळा, थोडा वेळ ठेवा, मग सुई अलगद काढा. ओढू नका.

आणि आता ते मघाशी राहिलेलं. वेलाला कापायचंच कशाला? आम्ही कुंड्यांत द्राक्षकाडीची कडी उभी केली आणि त्याशेजारी कृष्णकमळ, गोकर्ण लावलं. वेल त्या कड्यावर चढला. महिना-दीड महिन्यात हिरवं गोल तयार. कार्यक्रमाला कुंडी जाते, संध्याकाळी परत येते. सुकायची भीती नाही. आम्ही ती भाड्यानं देतो. अशा बारा कुंड्या आज आमच्याकडे आहेत, आणि आमच्या बिनशेतीच्या दोघी त्या सांभाळतात. ओसरीपुढे ऊन येत असलं की झालं, त्याला जमीन लागत नाही.

आता एक धोक्याची सूचना. पावसाळ्यात बांधावर कळलावी फुलते, लाल-पिवळी, ज्वाळांसारखी. कोकणात तिला गौरीचे हात म्हणतात. तिच्या पानाचं टोकच बाळीसारखं वळतं, मोह होतोच. पण कळलावी सगळीच्या सगळी विषारी आहे, कंद तर फार. शिवलिंगीची लाल-पांढरी फळं आणि गुंजेच्या बिया दिसायला गोड, पण त्याही विषारी. मूल पाळण्यातून हात घालून तोंडात घालणार. म्हणून बारसं, डोहाळजेवण, जेवणाचं ताट, यांच्या जवळ हे तीन कधीच नकोत. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीवर माटोळी बांधतात, तिच्यात रानातली फळं, वेल टांगलेले असतात. कवंडळाचं लालभडक फळही असतं, तेही खाण्याचं नाही. पण माटोळी डोक्याच्या वर उंच असते, आणि कुठलं फळ काय हे घरातल्या जाणत्यांना माहीत असतं. आपणही तेवढी जाण ठेवावी. जो वेल ओळखू येत नाही तो घ्यायचा नाही. खाजकुइली कशी ओळखायची हे तर सांगायला नको, एकदा हात लागला की जन्मभर लक्षात राहते.

कोणत्या दिवसांत कोणता वेल, तेही लिहून घ्या. पावसाळ्यात दोडका, कारलं, कपाळफोडी. कपाळफोडीची हिरवी फुग्यांसारखी फळं सजावटीत फार गोड दिसतात. थंडीत वाटाणा, ऑक्टोबरच्या शेवटी टाकला की लग्नसराईला बाळ्या तयार. जानेवारीत संक्रांतवेल केशरी फुलांनी भरतो, हळदीकुंकवाला तोच. उन्हाळ्यात तोंडली, मधुमालती, कृष्णकमळ. आणि वाळलेली कडी बाराही महिने.

शेवटची गोष्ट पैशाची. ती सगळ्यात कठीण.

दुसऱ्या वर्षी एका घरी साखरपुड्याची चौकट ठरवायला गेलो. त्या बाई म्हणाल्या, "वेल तर कुंपणावरचा, काड्या तर टाकलेल्या. फुकटच्या वस्तूचे एवढे पैसे?" मी गप्प झाले. मनात मलाही तसंच वाटत होतं. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय ना? घरचं, परसातलं, आपल्या हातचं, त्याची किंमत नसते. मी आकडा कमी करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "वेल फुकट आहे बाई, वळवणारा हात फुकट नाही. बागेत हीच बाळी तोडायचा मी रोज घेते. मग जोडायचा का घेऊ नको?"

त्या बाई हसल्या आणि ठरलेल्या पैशांना तयार झाल्या.

तेव्हापासून आम्ही हिशेब असा करतो. समजा एका चौकटीला चार जणी लागल्या. आदल्या संध्याकाळी अर्धा दिवस आणि कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण दिवस, म्हणजे प्रत्येकीचा दीड रोज, एकूण सहा रोज. तुमच्या गावात बागेचा रोज जो असेल तो लावा. समजा चारशे असेल तर चोवीसशे झाले. फुलांचे सहाशे धरा. रिक्षाचे तीनशे. तेहतीसशे. कडी, टोपल्या, कात्री यांच्या झिजेचे दोनशे. झाले पस्तीसशे. त्यावर गटासाठी दहा टक्के, म्हणजे साडेतीनशे. तीन हजार आठशे पन्नास. याच्या खाली उतरलात तर कुणाचा तरी रोज तुम्ही कापताय, आणि तो बहुतेक सगळ्यात गरीब बाईचा असतो, कारण ती बोलत नाही. पहिल्या ऑर्डरला आम्ही अडीच हजार ठरवले होते तेव्हा आम्ही हा हिशेबच मांडला नव्हता. वेल सुकला नसता तरी आम्ही तोट्यातच होतो.

पैसे आले की रजिस्टरला आधी कामाचे रोज लिहा, मग गटाचा वाटा. अर्धी रक्कम आगाऊ घ्या. आणि चूक झाली तर परत करायची तयारी ठेवा. आम्ही त्या पहिल्या घरी पैसे परत केले होते. मागच्या महिन्यात त्याच आजींनी निरोप पाठवला, नातवाचं जावळ आहे, तुमची कुंडीतली हिरवी कडी पाठवा. आम्ही चार कुंड्या नेल्या. आजींनी एका कड्यातल्या बाळीला बोट लावून पाहिलं, म्हणाल्या, "ही जिवंत आहे होय?" मी म्हटलं, "हो आजी, या वेळी मुळासकट आणलीय."

तीन हजारांचं कर्ज फिटलं. फार मोठा धंदा झालाय असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत काम असतं, इतर वेळी थोडं असतं. पण बागेतलं काम संपल्यावर आमच्या दोघींच्या हाताला काम आहे, आणि बैठकीत मावशी आता बोलतात.

आता छाटणी सुरू होईल. बांधावर काड्यांचे ढीग लागतील. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. बागेत सगळ्यात जास्त वर्षं काम केलेली बाई कोण, ते विचारा. तिला मध्ये बसवा, दहा काड्या आणा आणि तिच्याकडून एक कडं वळून घ्या. बाकीचं तिथूनच सुरू होईल.

काही अडलं तर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, मी पुढच्या कार्यक्रमात उत्तर देईन. तोवर हात मोकळे ठेवू नका, आणि फुकट तर मुळीच देऊ नका.

राम राम.